रिपोर्ट नॉर्मल

आमच्या घरचे महत्त्वाचे कागद एका पत्र्याच्या ट्रंकेत असतात. घराचा उतारा, रेशनकार्ड, कन्नडमध्ये छापलेल्या घरपट्टीच्या पावत्या, मुलांची सर्टिफिकिटे. त्यातच माझ्या लेकीच्या रक्ततपासणीचा २०१९ सालचा एक कागद आहे. त्यावर आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी लाल पेनाने बरोबरची खूण केलेली आहे. तो मी अजून फाडलेला नाही.

लेकीला चौदाव्या वर्षी पाळी आली आणि तेव्हापासूनच पोट दुखू लागले. दोन दिवस ती पाय पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. मी ओव्याचे पाणी द्यायची, शेकायला पिशवी द्यायची आणि म्हणायची, "सोस की गं थोडं. आम्ही नाही सोसलं?" माझी आईही मला हेच म्हणत असे. पुढे दोनाचे पाच दिवस झाले, तेव्हा रक्त तपासले. हिमोग्लोबिन १२.३ आले. बाराच्या वर, म्हणजे ठीक. डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल आहे. लग्न झालं की थांबेल."

मला हायसे वाटले. रिक्षात लेक म्हणाली, "आई, रिपोर्ट नॉर्मल म्हणजे मी खोटं बोलते का?" मी काही बोलले नाही.

२०२३ च्या जूनमध्ये ती ऑफिसात घेरी येऊन पडली. या वेळी जास्तीच्या तपासण्या झाल्या. हिमोग्लोबिन पुन्हा बाराच्या आसपास. पण दोन आकडे ठळक छापलेले. फेरिटिन ९ आणि सीए-१२५ हा ६८. त्याची मर्यादा ३५. शेजारच्या काकूंचा भाचा लॅबमध्ये कामाला. तो म्हणाला, "ही कॅन्सरची टेस्ट असते." त्या रात्री घरात कुणी जेवले नाही. चार वर्षांपूर्वी एका आकड्याने मी निर्धास्त झाले होते, आता एका आकड्याने माझे हातपाय गळाले. दोन्ही वेळी लेकीला मात्र काही विचारले नव्हते.

तज्ज्ञाकडे जायचे ठरले. पण कुठे? आम्हा बेळगावकरांना हा प्रश्न नवा नाही. पुण्याला नातेवाईक आहेत, पण रात्रभराचा प्रवास. हुबळी शंभर किलोमीटरवर. माझे मन पुण्याकडे ओढत होते. आपल्या भाषेत नीट बोलता येईल असे वाटत होते. लेक म्हणाली, "आई, दुखतंय मला. जवळ जाऊ."

हुबळीच्या डॉक्टरीणबाई कन्नडच बोलत होत्या. त्यांनी फाईल बाजूला ठेवली आणि लेकीला विचारले, "एष्टु वर्षदिंद?" किती वर्षांपासून?

"हन्नेरडु," लेक म्हणाली. बारा.

मग एकेक प्रश्न आला. पाळीआधी किती दिवस दुखते? शौचाला, लघवीला दुखते का? कामावर किती खाडे होतात? लेक भराभर सांगत होती. त्या दिवसांत संडासात ओठ चावून बसावे लागते, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले, आणि तेही कन्नडमधून. आमच्या घरी 'बाहेरची' म्हणत, शेजारी 'होरगे' म्हणत. बाहेर बसवायला दोन्ही भाषांत शब्द होता. पण घरच्या भाषेत तिने तोंड उघडले की माझे 'सोस' आधीच तयार असे.

मग बाईंनी फाईल उघडली. हिमोग्लोबिन म्हणजे डब्यातले तांदूळ, फेरिटिन म्हणजे कणगीतले; डबा भरलेला दिसतो, पण कणगी तळाला लागलेली असते. सीए-१२५ अंडाशयाच्या कर्करोगात वाढतो हे खरे. पण पाळीत, गरोदरपणात, फायब्रॉइडमध्येही वाढतो. लेकीचे रक्त पाळीच्या दुसऱ्या दिवशी घेतले होते! आणि तिला जो आजार असावा, त्यात हा आकडा नॉर्मलही येऊ शकतो. म्हणून युरोपातल्या प्रजननवैद्यकाच्या संस्थेने २०२२ च्या सूचनांत अशा रक्ततपासणीवरून या आजाराचे निदान करू नये असे सांगितले आहे.

आजाराचे नाव एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर, अंडाशयावर, आतड्यावर वाढते. तिथे सूज येते, अवयव एकमेकांना चिकटतात. एमआरआयमध्ये डाव्या अंडाशयात जुन्या रक्ताची चार सेंटिमीटरची गाठ दिसली. कर्करोगाचे लक्षण नव्हते. रोज एक हार्मोनची गोळी आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. शस्त्रक्रियेची घाई केली नाही, कारण गाठ काढताना अंडाशयातला बीजसाठाही घटू शकतो.

दुखणे गेले नाही, कमी झाले. आता ती महिन्यातून एखादाच दिवस रजा घेते. परतताना बसमध्ये मी तिला म्हटले, "चुकलं माझं." ती खिडकीतून बाहेर पाहत राहिली. धारवाड मागे पडल्यावर तिने माझ्या खांद्यावर डोके टेकले.

परवा भाचीची तेरा वर्षांची मुलगी पोट धरून बसली होती. भाची म्हणाली, "मावशी, हिचं रक्त तपासून घेऊ का?"

म्हटले, "घेऊ की. पण आधी तिला विचारू, केव्हापासून दुखतंय."