ताईच्या दोरीवरचे कपडे

लग्नाला बारा वर्षे झाली, पण चंद्रपूरला ताईकडे जाणे काही जमत नव्हते. यंदा नाताळच्या सुटीत मुले हट्टालाच पेटली, "ताडोबा बघायचंच!" निघालो एकदाचे.

ताईचे बिऱ्हाड दुर्गापूरला. भाऊजी कोळशाच्या खाणीत नोकरीला. पहिल्याच दिवशी मी मुलांचे पांढरे शर्ट धुऊन बाहेरच्या दोरीवर घातले. ताई म्हणाली, "बाहेर नको गं घालू." मी ऐकले नाही. संध्याकाळी काढले तर शर्टांवर राखाडी थर! तिच्याकडे पांढरे कपडे आतल्या खोलीत वाळतात आणि तुळशीचे पानसुद्धा धुतल्याशिवाय कोणी तोंडात टाकत नाही.

दुसऱ्या दिवशी मोहर्लीच्या रस्त्याने जंगलात गेलो. आधी खाणीतून उपसलेल्या मातीचे डोंगर, मग इरई धरणाचे पाणी. पाण्यावर चक्रवाकांच्या जोड्या उतरल्या होत्या. हेच पाणी औष्णिक वीज केंद्राला जाते आणि चंद्रपूरच्या नळांनाही. खाण, वीज, वाघ, पाखरे, सगळे असे एकमेकांना खेटून! पुण्यात बसून याची कल्पना येत नाही.

वाघ काही दिसला नाही. ताई म्हणाली, "पैसे कशाला घातलेत? आमच्याकडे फुकट येतो." ती हसली, पण ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. मातीच्या जुन्या ढिगांवर वेडी बाभूळ माजते, तिच्यात रानडुकरे राहतात आणि त्यांच्या मागोमाग वाघ-बिबटे वस्तीपाशी येतात. २०२२ साली या भागात माणसे दगावली. तेव्हापासून भाच्याला शिकवणीहून आणायला ताई स्वतः जाते, हातात बॅटरी आणि काठी घेऊन.

रात्री जेवताना मी आपली बाईपणाच्या सवयीने (शाळेतल्या हो!) बोलून गेले, "या खाणी बंदच करायला हव्यात." भाऊजींचा हात ताटातच थांबला. ताई म्हणाली, "करा की बंद. पण तुझा मिक्सर नि गीझर कशावर चालतो गं? इथली वीज तारांवरून थेट पडघ्यापर्यंत जाते. धूळ तेवढी आमच्याकडे राहते."

मला घास उतरेना. भाऊजींनीच सावरून घेतले. २००९ साली ताडोबाजवळ लोहाऱ्याला नवी खाण येणार होती. 'इको-प्रो'चे बंडू धोत्रे उपोषणाला बसले, लोक पाठीशी उभे राहिले आणि ती खाण झाली नाही. २०२० साली बंदरच्या खाणीचा लिलावही विरोधामुळे मागे घेतला गेला. "मीसुद्धा मांडवात जाऊन बसलो होतो," भाऊजी म्हणाले. "पोट खाणीवर आहे, नाही कशाला म्हणू? पण वाघाच्या वाटेत नवी नको. आणि जुन्या ढिगांवर नीट झाडं लावा, माती नदीत जाऊ देऊ नका. एवढं तरी करता येतं ना?"

परत आल्यावर सातवीच्या वह्या तपासायला घेतल्या. निबंध 'वाघ वाचवा', मीच दिलेला. एका मुलीने ठसक्यात लिहिले होते, 'सर्व खाणी ताबडतोब बंद कराव्यात.' एरवी मी शाबासकी दिली असती. या वेळी समासात लिहिले, 'मग वीज कुठून आणायची? घरी विचारून ये.'

परवा ताईचा फोन आला. शर्ट स्वच्छ निघाले का, म्हणून विचारत होती. दोनदा सोड्यात भिजवले. एकाची कॉलर अजून काळपटच आहे.