न दिसणारी कात्री

वाटेने जाताना झाडांची पाने न्याहाळण्याचा मला नाद आहे. आंब्याचे पान कसे लांबट नि अखंड. शेवग्याचे पाहावे, तर इवल्या इवल्या पर्णिकांची झालरच! ही नक्षी कोणत्या कात्रीने कातरली असेल, असे कुतूहल मनात जागे होते.

मोहरीच्या कुळातील दोन लहानग्या रोपांनी या कोड्याचा थोडा उलगडा केला आहे. अरॅबिडॉप्सिसचे पान अखंड असते. त्याच्या भाऊबंदाचे, कार्डामाइनचे पान मात्र पर्णिकांत विभागलेले असते. मिल्टोस त्सियांटिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवून दिले, की या भेदामागे 'आरसीओ' नावाचे एक जनुक आहे. जनुक म्हणजे पूर्वजांकडून आलेली, पेशीपेशीत जपलेली आज्ञा. अरॅबिडॉप्सिसच्या वंशात ही आज्ञा हरवली. संशोधकांनी ती त्या रोपात पुन्हा घातली, तेव्हा त्याच्या पानाच्या कडेला खोल खाचा पडल्या! कार्डामाइनमध्ये ती बिघडली, तर पर्णिका नाहीशा होऊन पान साधे होते.

गंमत अशी, की हे जनुक काहीच कातरीत नाही. कोवळ्या पानाच्या कडेवर ठरावीक जागी ते वाढीला केवळ आवर घालते. तेवढ्या जागा मागे राहतात, शेजारच्या पुढे सरसावतात आणि पर्णिका सुट्या होतात.

वाढणे म्हणजे नुसते पसरणे नव्हे. आकाराला डौल यावयाचा, तर कोठे थांबावे हेही ठाऊक असावे लागते. त्या चिमुकल्या पानाला हे शहाणपण उपजतच लाभले आहे. आपल्याला मात्र ते शिकावे लागते.