मी मीटिंगमध्ये आहे!

अखेर घेतला! जुना फोन चार वर्षांचा झाला होता आणि दुपारी तीनलाच मान टाकायचा. पगार झाला, नवा घेऊन टाकला.

बॉक्स उघडला, तर चार्जर नाही. २०२० मध्ये ॲपलने तो काढून टाकला तेव्हा आपण सगळे काय हसलो होतो, आठवतंय? मग इतरही कंपन्यांनी तोच कित्ता गिरवला. नशीब, जुना टाइप-सी चालला. कॅमेरा मात्र झकास! म्हणजे इतका झकास, की मला नको असलेलं सगळं चेहऱ्यावर दिसतं. फोन चेहरा बघून उघडतो म्हणे; हिंजवडीच्या बसमध्ये तोंडाला स्कार्फ असला की साफ ओळख नाकारतो. यूपीआयचं सगळं पहिल्यापासून. नव्या फोनवरून एसएमएस गेल्याशिवाय बँक दाद देत नाही. असो.

खरी पंचाईत झाली ती कीबोर्डची. मी मराठी लिहिते इंग्रजी अक्षरांत, तुमच्यापैकी बरेच जण लिहितात तशीच. जुन्या कीबोर्डला माझी भाषा पाठ होती. मी दोन अक्षरं टाकायची, बाकीचं तो. आणि हा नवा? 'आई' लिहिलं की 'एआय' करतो. 'जेवले'चं 'ज्वेल' केलं. "माझा जुनाच बरा होता, त्याला माझं मन कळायचं," असं मी ऑफिसात दोन दिवस सगळ्यांना ऐकवत होते.

जुना फोन साताऱ्याला आईकडे गेला. आमच्याकडे फोन आधी वरून खाली यायचे. बाबांचा नोकिया ११०० माझ्याकडे आला तेव्हा मी दहावीत होते. आता उलटी गंगा. नवी बॅटरी टाकली, फोटो उडवले, माझी अकाउंट्स काढली. "पूर्ण रिसेट मार," असं मित्राने बजावलं होतं, पण मी कंटाळा केला.

चार दिवसांनी आईचा फोन.

"अगं, हा फोन भारीच शहाणा आहे. मी नुसतं 'मी' लिहिलं की पुढचं हाच सुचवतो."

"काय सुचवतो?"

"'मीटिंगमध्ये'. ते दाबलं की 'आहे'. मग 'नंतर करते'. मी कसली गं मीटिंगमध्ये? आणि गंमत ऐक, 'आई' लिहिलं की म्हणतो 'प्लीज'!"

ती खळखळून हसत होती. मीही हसले. म्हणजे, हसावं लागलं.

रात्री नव्या फोनवर आईचं चॅट उघडलं (ते मात्र सगळं नीट आलंय) आणि 'मीटिंग' सर्च केलं. अंगठा दुखेपर्यंत वर जात राहिले. मधेमधे तिचं 'जेवलीस का?', 'पोचलीस का?', 'वेळ मिळाला की कर'. एकदा नुसताच अंगणातल्या जास्वंदीचा फोटो. त्याच्याखाली माझं उत्तरच नाही.

रविवारी संध्याकाळी मी स्वतःहून फोन लावला. काही काम नव्हतं. पूर्ण रिंग वाजली, तिने उचलला नाही. दोन मिनिटांनी मेसेज आला :

'मी मीटिंगमध्ये आहे. नंतर करते.'

भिशी होती तिची.