सहलीचे दोन लिटर दूध



पीक कधी पेरावे, खत किती द्यावे, फवारणी केव्हा घ्यावी, हे सांगण्यात माझी तीस वर्षे गेली. आज मी तुम्हाला सहलीविषयी सांगणार आहे. हसू नका. गावच्या सभेत बियाण्यांचे आणि अनुदानाचे बोलणे आटोपले की मागे बसलेल्या आयाबहिणींपैकी कोणीतरी हा विषय काढतेच. मुले मोबाइलवर मोठाली पाळणाघरे, पाण्याच्या घसरगुंड्या आणि सात मजली जहाजे पाहतात आणि सुट्टी लागली की विचारतात, आपण कधी जायचे? त्यावर घराघरात उत्तर एकच असते. "गाईंचं काय करायचं?"

हा प्रश्न खोटा नाही. नोकरदाराला रजा टाकता येते, गाईला टाकता येत नाही. पण त्या एका प्रश्नापायी वर्षांमागून वर्षे जातात आणि मुले मोठी होऊन आपापल्या वाटेने निघून जातात. आमच्या घरी तो प्रश्न कसा सोडवला, तेवढे सांगतो. त्यातले तुम्हाला उपयोगी पडेल ते घ्या.

निफाड तालुक्यात आमची चार एकर जमीन आहे. ती थोरला भाऊ आणि पुतण्या पाहतात. कांदा, गहू, सोयाबीन आणि तीन संकरित गाई. घरात दादा, वहिनी, पुतण्या, सूनबाई, सात वर्षांची नात, चार वर्षांचा नातू आणि ऐंशी पार केलेली आमची आई. मी आणि सौ. नोकरीच्या गावी, तीस किलोमीटरवर. वहिनी लग्न होऊन आल्या त्याला एकतीस वर्षे झाली. माहेर आणि दोनदा पंढरपूर सोडले तर त्यांनी सलग दोन रात्री घराबाहेर काढलेल्या नव्हत्या. समुद्र त्यांनी पाहिला नव्हता.

आधी पैशाचे सांगतो, कारण बहुतेक सहली तिथेच अडतात. २०२३ च्या मे महिन्यात सूनबाईने सुचवले की रोज दोन लिटर दुधाचे पैसे बाजूला टाकायचे. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार आला की वीस लिटरचे पैसे वेगळ्या खात्यात. लिटरला तीस रुपये धरले तर रोजचे साठ, दोन वर्षांचे सुमारे चव्वेचाळीस हजार. घरात त्याला नावच पडले, सहलीचे दूध.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले आणि डिसेंबरात निर्यातबंदी आली. भाव कसे कोसळले ते कांदा पिकवणाऱ्याला सांगायला नको. दादाने खतासाठी त्या खात्याला हात घालायचे ठरवले. वहिनी एरवी पैशाच्या बोलण्यात पडत नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, "माझी पाटली न्या, पण पोरांच्या दुधाला हात लावू नका." पाटलीही मोडली नाही आणि खातेही. खत सोसायटीतून उधारीवर आले. पण ही ओढाताण दोन हंगाम चालली, आणि सहल होईल असा भरवसा घरात फक्त त्या चार वर्षांच्या पोरालाच होता. पीककर्ज काढून किंवा उसनवारी करून सहलीला जाऊ नका, हे माझे स्पष्ट मत आहे. दोन लिटर जमत नसेल तर एक काढा, चार वर्षांनी जा.

आता तारीख. दिवाळीची सुट्टी आपल्या कामाची नाही. त्या वेळी सोयाबीन खळ्यात असते, कांद्याची रोपे पाहायची असतात, द्राक्षवाल्यांची छाटणी चालू असते. आपल्याला मोकळी फट एकच मिळते: उन्हाळी कांदा काढून चाळीत भरला की तिथून मृगाच्या तयारीपर्यंत. समुद्राचा विचार केला तर ती आणखी अरुंद होते, कारण पावसाळ्याच्या तोंडावर लाँच बंद होतात. मुलांची परीक्षा २५ एप्रिल २०२५ ला संपत होती, म्हणून २६ तारखेचा शनिवार धरला. चाळ त्याआधी भरून बंद करायची, ही अट. ती पाळली हे बरे झाले. त्या मे महिन्यात अवकाळी पावसाने शेतात पडलेला कांदा भिजवला आणि मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत पोहोचला.

एक अडचण राहिली. ३० एप्रिलला आखिती होती. पितरांची घागर पुजायची आणि घरचा कर्ता बाहेरगावी, हे दादाला पटेना. आईने तो तिढा सोडवला. "पितर कुठं जात नाहीत. पोरं लहान किती दिवस राहतील? घागर मी आन् हा धाकटा पुजू."

धाकटा म्हणजे मी. कारण गाईंपाशी थांबायचे मीच ठरवले होते. माझ्या मुलांना मी २०१५ साली तो सगळा भाग दाखवून आणला होता. अर्जित रजा शिल्लक होती. पण गाय रजेचा कागद पाहून पान्हा सोडत नाही. नवा हात लागला की ती दूध चोरते, सडात दूध राहते आणि मग दगडीची भीती. म्हणून मार्चपासून दर रविवारी मी घरी जाऊन दोन्ही वेळची धार काढू लागलो. पहिल्या रविवारी भुरीने मला निम्मेच दूध दिले. चौथ्या रविवारी अर्धा लिटर कमी. निघण्याआधीचे तीन दिवस वहिनी शेजारी नुसत्या उभ्या राहिल्या आणि धार मी काढली. तिसऱ्या गाईचे नियोजन तर त्याच्याही आधीचे. गाय भरल्यापासून सुमारे २८० दिवसांनी विते आणि त्याआधी दोन महिने तिला आटवावी लागते. ती सप्टेंबरात भरवली होती. तेव्हाच बोटांवर मोजून ठेवले होते की एप्रिलच्या मध्याला ती आटेल आणि दोनच गाईंची धार उरेल.

तुम्ही म्हणाल, साहेब, असा रजेवर येणारा भाऊ सगळ्यांना कुठे असतो? बरोबर. पण सावड आपल्याला नवी नाही. पेरणीला बैलांची सावड होते, कांदा लावणीला माणसांची होते, तशी धारेची का होऊ नये? दोन शेजारची घरे ठरवतील तर एका वर्षी हे जातील, पुढच्या वर्षी ते. अट एवढीच की हात आधीपासून गाईच्या ओळखीचा व्हावा आणि तो माणूस आजारी पडला तर दुसरा कोण, हेही ठरलेले असावे.

पुतण्याच्या मनात क्रूझ होती. मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून गोव्याकडे मोठी प्रवासी जहाजे जातात. २०१८ साली कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचे नाव घेतलेले 'आंग्रिया' जहाज या मार्गावर सुरू झाले होते, ते पुढे बंद पडले. आता दुसरी जहाजे आहेत. आत जेवण, पोहण्याचा तलाव, नाटक, सगळे. त्याने सहा माणसांचा दोन रात्रींचा हिशेब काढला. तो एका चांगल्या दुभत्या गाईच्या किमतीच्या वर गेला. मी त्याला म्हटले, जहाजाला माझी ना नाही, पण आधी तासभर पाण्यावर जाऊन पाहा. कोणाच्या पोटात ढवळते ते किनाऱ्यावर बसून कळत नाही, आणि दोन रात्रींच्या जहाजावरून मध्येच उतरता येत नाही. पुढे कधी गेलात तर दरात बंदराचे शुल्क, सेवाशुल्क आणि कर धरले आहेत की वर आहेत, ते तिकिटाआधी विचारा. मुलांचे आधार कार्डही जवळ ठेवा. पाच वर्षांच्या आत काढलेले असेल तर पाचव्या वर्षानंतर बोटांचे ठसे देऊन ते अद्ययावत करावे लागते.

शेवटी मार्ग असा ठरला. नाशिकरोडहून रेल्वेने कल्याण, तिथून लोकलने कर्जतमार्गे खोपोली. खोपोली-पाली रस्त्यावर २०१३ साली सुरू झालेले 'इमॅजिका' हे थीम पार्क आहे. गंमत पाहा, त्याच्या एका बाजूला महडचा वरदविनायक आणि दुसऱ्या बाजूला पालीचा बल्लाळेश्वर. वहिनींना हे सांगितले तेव्हा कुठे त्यांनी पिशवी भरायला घेतली. पालीहून वडखळमार्गे अलिबाग, मांडव्याहून बोटीने मुंबई, राणीची बाग आणि परत. आठ रात्री. नियम एकच घातला: एक दिवस चालण्याचा, तर दुसरा बसण्याचा. लहान मूल लागोपाठ दोन दिवस उन्हात दमले की तिसऱ्या दिवशी त्याला हत्ती दाखवा नाहीतर समुद्र, ते रडतेच. म्हणून रविवारी फक्त महडचे दर्शन आणि झोप, आणि पार्क सोमवारी, गर्दी कमी म्हणून.

पार्कमध्ये मुलांना पाळण्यात घेणे न घेणे वयावर नसते, उंचीवर असते. प्रत्येक पाळण्यापाशी उंचीची खूण असते आणि तिच्याखाली डोके राहिले की कितीही विनवा, सोडत नाहीत. ते योग्यच आहे, कारण पट्टा त्या अंगालाच बसतो. पण रांगेत तासभर उभे राहून परत फिरवले की चार वर्षांच्या मुलाचे मन मोडते. म्हणून सूनबाईने घरीच दाराच्या चौकटीवर खडूने रेघा मारल्या होत्या आणि नातवाला सांगून ठेवले होते की या रेघेवरचे ताईचे आणि खालचे तुझे. तरी एका ठिकाणी तो रडलाच. वहिनी त्याला घेऊन कारंज्यापाशी बसल्या. त्या फोनवर म्हणाल्या, "मला तर तिथंच बरं वाटलं, भाऊजी. कोणी काही मागत नव्हतं." दोघांच्याही खिशात फोन नंबरची चिठ्ठी होती, आणि उन्हासाठी टोप्या व मीठ-साखरेचे पाणी. बाहेरचे जेवण अशा ठिकाणी बहुधा आत नेऊ देत नाहीत, तेव्हा सकाळी पोटभर भाकरी खाऊन निघावे.

अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो. कोकणातली माणसे भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची. तृतीयेला तीनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे सव्वादोनच्या सुमारास भरती आणि त्याच्या सहा तास अलीकडे, सकाळी सव्वाआठच्या आसपास, ओहोटी. हा अंदाज आहे. किनाऱ्यावरच्या माणसाला विचारल्याशिवाय मुलांना घेऊन पाण्यात पाय घालू नये, आणि पाणी फिरायच्या आत परतावे. आखितीच्या सकाळी आम्ही इकडे घागर पुजली, तिकडे मंडळी किल्ल्यातल्या गणपतीपुढे उभी होती. त्या खाऱ्या पाण्याच्या वेढ्यात गोड्या पाण्याची विहीर आहे. दादा समुद्राविषयी काही बोलला नाही. त्या विहिरीविषयी मात्र दहा मिनिटे बोलला.

मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला मोटारीसकट माणसे नेणारी रो-रो बोट मार्च २०२० पासून चालते. तासाभराचा प्रवास. इथे थोडे कठोर बोलतो. याच पाण्यात १७ जुलै १९४७ ला, रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेच्या वर माणसे गेली. आणि फार लांब कशाला, १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या लाँचला वेगवान बोट धडकून जीव गेले. भीती घालायला हे सांगत नाही. बोट लहान असो की मोठी, जीवरक्षक जाकीट कुठे आहे ते चढल्याबरोबर पाहावे. लाँचमध्ये ते मुलाच्या मापाचे मागून अंगात घालावे, बंद ओढून पाहावेत. लाज वाटू देऊ नये. ढवळत असेल तर बोटीच्या मध्यावर बसावे आणि दूरच्या किनाऱ्याकडे पाहावे. पोट रिकामेही नको आणि ठासलेलेही नको. आमच्यात पुतण्यालाच उलटी झाली. क्रूझ त्याचीच कल्पना होती, म्हणून मुलांनी त्याला दिवसभर सोडले नाही.

वहिनींचा फोन रोज पहाटे पाचला येई. गाईच्या वेळेला त्यांना जाग येतच होती. "भुरीनं किती दिलं?" मी आकडा सांगे. पहिले चार दिवस त्या लगेच दुसरे काही विचारत, गव्हाणीतले उष्टे काढले का, वासराला सोडले का. अलिबागला गेल्यावर, पाचव्या दिवशी, फोन आला तो साडेसातला. मागे लाटांचा आवाज होता. वहिनींनी दुधाचे विचारलेच नाही; आम्ही वाळूत बसलोय, एवढेच म्हणाल्या.

४ मेच्या संध्याकाळी सगळे परतले. आठ दिवसांत दोन्ही गाईंचे मिळून रोज दीड-दोन लिटर कमी भरले, ते वहिनींच्या हाताखाली तीन दिवसांत वर आले. खर्च एक्केचाळीस हजारांवर थांबला. शेजारच्या घरी आता हिशेब चालू आहे. त्यांची मुले पाच आणि आठ वर्षांची, म्हशी दोन, आणि त्यांची धार दादा काढणार आहे. तो जुलैपासून आठवड्यातून एकदा त्यांच्या गोठ्यात जाऊ लागला. आमच्या घरी दोन लिटरांचे तीन लिटर झाले आहेत. मोठ्या जहाजासाठी. पुतण्या आता म्हणतो, मी किनाऱ्यावरून हात हलवीन.