शंटिंगच्या इंजिनाची प्रतीक्षा

शिकागोत आज दिवसभर बर्फ. तळघरातील माझ्या 9 मिलिमीटर रुळांच्या प्रतिकृती-रेल्वेच्या यार्डात मात्र अद्याप एकही शंटिंग इंजिन रुजू नाही. 1966 ते 1974 या काळात येथून जवळच, ला ग्रेंजला घडलेले पंधराशे अश्वशक्तीचे डिझेल इंजिन एकास एकशेसाठ या प्रमाणात जेमतेम साडेआठ सेंटिमीटर भरते. आणि एवढ्याशा देहात मोटर, दंतचक्रे व वजन कोंबूनही सांध्यावरच्या प्लास्टिकच्या तुकड्यावर, जिथे चाकांना वीज मिळत नाही, तिथे त्याने अडू नये, एवढीच आम्हा छांदिष्टांची माफक अपेक्षा. अडले की बोटाने ढकलण्याची नामुष्की (आणि पत्नी नेमकी तेव्हाच जिना उतरते!). या इंजिनाच्या प्रतिकृतीची आगाऊ मागणी नोंदवून आठ महिने लोटले, मुदत दोनदा वाढली. तरी आज यार्डातील त्याची जागा पुसून ठेवली.