रोपाचं कूळ आणि मूळ

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. रोपाची मात्र दोन्हीही विचारून घ्यावी लागतात. जालना-भोकरदन रस्त्यावर, पूर्णेच्या काठी वसलेल्या केदारखेड्यातून मोसंबीची कलमं आणायला निघालेला शेतकरी असो, की न्यू जर्सीत नुकतंच बिऱ्हाड मांडून कढीपत्त्याची कुंडी शोधत फिरणारी त्याच गावची लेक असो. दोघांची नड एकच असते. चांगली नर्सरी कुठे आहे, आणि ती चांगली हे ओळखायचं कसं?

दोघांची झाडंही एकमेकांची सोयरी आहेत. मोसंबी आणि कढीपत्ता एकाच वनस्पती-कुळातले. एकाच किडीला दोघांची कोवळी पालवी आवडते. त्या किडीपायी आज अमेरिकेतल्या मराठी स्वयंपाकघरात फोडणी अडते आणि जालन्यातल्या बागाईतदाराची झोप उडते. पण तिच्याकडे वळण्याआधी या दोन्ही खरेद्या नीट पाहायला हव्यात.

मोसंबी ही मुळात इथली नव्हेच. आफ्रिकेतल्या मोझांबिककडून ती भारतात आली असं मानलं जातं. आली आणि मराठवाड्याच्या मातीत अशी रुजली, की 2016 साली जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं. परक्या मुलखातलं झाड सरकारदरबारी जालन्याचं ठरलं. केदारखेड्याने तर जागचं न हलता मुलूख बदलले. 1948 पर्यंत निजामाचं हैदराबाद संस्थान, 1956 मध्ये मुंबई राज्य, 1960 मध्ये महाराष्ट्र आणि 1981 पासून औरंगाबाद सोडून जालना जिल्हा. तालुक्याचं गाव भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. तिथल्या माणसांची नावं सांची आणि भरहुतच्या दानलेखांत कोरलेली आहेत. घर सोडून लांब जाण्याची या भागाची सवय अशी दोन हजार वर्षांची आहे.

मोसंबीचं कलम म्हणजे दोन झाडांचा संसार. खाली खुंट रंगपूर लिंबाचा किंवा जंभेरीचा, वर डोळा भरलेला मोसंबीचा. चुनखडीच्या जमिनीत आणि पाण्याच्या ताणात रंगपूर तग धरतो. जंभेरी जोमाने वाढते, पण मूळकुज आणि डिंक्याला लवकर बळी पडते. डोळा जमिनीपासून वीतभर तरी उंच भरलेला असावा, नाहीतर ओल्या मातीतली बुरशी थेट सांध्यावर चढते. यातलं काहीही विकत घेताना दिसत नाही. पानं हिरवीगार, खोड सरळ, बागवान गोडबोल्या, की गाडी भरते. खुंट चुकीचा होता की डोळा रोगट झाडाचा होता, हे कळतं बाग फळावर येण्याच्या सुमारास, म्हणजे चार-पाच वर्षांनी. तोवर ठिबक, खतं, आंतरमशागत आणि उमेद असं सगळं जमिनीत गेलेलं असतं.

म्हणून कलमासाठी माणसं लांब जातात. अमरावती जिल्ह्यातल्या वरुड तालुक्यातलं शेंदुरजनाघाट हे संत्रा-मोसंबीच्या कलमांचं माहेर. तिथे नर्सरीला पन्हेरी म्हणतात आणि डोळा भरण्याची कला घराघरात मुरलेली आहे. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था रोगमुक्त कलमांवर काम करते. शेंड्याचा अगदी सूक्ष्म, विषाणू न पोचलेला कोंब घेऊन त्यापासून मातृवृक्ष तयार करायचा, आणि रोपं मोकळ्या वाफ्यात न वाढवता निर्जंतुक मातीच्या पिशव्यांत वाढवायची, ही तिथली रीत. घराजवळ म्हटलं तर बदनापूरला मोसंबी संशोधन केंद्र आहे, खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे. आणि कायदाही आहे. महाराष्ट्रात फळांच्या रोपवाटिकांसाठी 1969 पासून परवाना लागतो. खुंट कुठला, डोळा कुठल्या झाडाचा, याची नोंद परवानाधारकाने ठेवायची असते. म्हणजे कूळ आणि मूळ विचारणं हा गिऱ्हाइकाचा चोंबडेपणा नव्हे, हक्क आहे.

हा हक्क किती जण बजावतात? 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. टँकरने जगवता जगवता थकलेल्यांनी झाडांवर कुऱ्हाड घातली. पाऊस परतल्यावर ज्यांनी पुन्हा लावायचं धाडस केलं, त्यांच्यापुढे पहिला प्रश्न पाण्याचा होता आणि दुसरा कलमांचा. गरज घाईची असली की दारात उभ्या राहिलेल्या टेम्पोतलं स्वस्त रोप मोह घालतं. त्या टेम्पोला पत्ता नसतो, पावती नसते, आणि पाच वर्षांनी तो सापडतही नाही.

आता परदेशातल्या लेकीकडे.

वसंतात तिथल्या बागसामानाच्या दुकानांबाहेर रोपांचे ताटवे लागतात. ती हरखून आत शिरते, तर एका कुंडीवर चक्क ‘करी प्लांट’ लिहिलेलं. पानं मात्र रुपेरी, सुईसारखी. हे भूमध्य समुद्राकाठचं हेलिक्रिसम नावाचं झुडूप. वास मसाल्यासारखा येतो म्हणून ते नाव पडलं. कढीपत्त्याशी त्याचं काही नातं नाही. आपला कढीपत्ता हवा असेल तर पाटीवर ‘मुराया कोएनिगी’ किंवा ‘बर्गेरा कोएनिगी’ वाचायला हवं. तुळशीचीही तीच गत. ‘होली बेसिल’ म्हणून अमेरिकेत पुष्कळदा जी विकली जाते ती कपूर तुळस, शास्त्रीय नावाने ऑसिमम आफ्रिकॅनम. वृंदावनातली राम आणि कृष्ण तुळस म्हणजे ऑसिमम टेन्यूइफ्लोरम. कपूर तुळस थंडी थोडी जास्त सोसते, भराभर वाढते, वासही गोड. पण कार्तिकात लग्न लावायला बसल्यावर आजीबाईंची नजर पानावर अडखळते ती उगाच नव्हे.

उलट काही ओळखीची झाडं परक्या नावाखाली समोरच उभी असतात. मोगरा तिथे ‘अरेबियन जॅस्मिन’ असतो. एकेरी-दुपेरी पाकळ्यांच्या मोगऱ्याला ‘मेड ऑफ ऑर्लिन्स’ म्हणतात आणि गच्च भरलेल्या टपोऱ्या मोगऱ्याला ‘ग्रँड ड्यूक ऑफ टस्कनी’. गजऱ्यात ओवायचं फूल इटलीच्या सरदाराच्या थाटात मिरवतं. अळू शोभेच्या झाडांत, ‘एलिफंट इअर’ या नावाने कंदाच्या रूपात मिळतो. पण त्याच नावाखाली खायला न चालणाऱ्या जातीही असतात, तेव्हा वडीचा बेत करण्याआधी जात पक्की करावी. आणि दूर्वा? ती तर ‘बर्म्युडा ग्रास’. अमेरिकेच्या उष्ण राज्यांत लोक तिचं बी विकत घेऊन हिरवळ करतात, गोल्फची मैदानं तिने सजवतात, आणि वाफ्यात शिरली की तिच्या नावाने बोटं मोडतात. गणपतीच्या एकवीस जुड्यांना तिथे तोटा नाही. फक्त तणनाशक न मारलेली जागा शोधावी लागते.

यावरून पहिला धडा निघतो: ज्या नर्सरीत पाटीवर शास्त्रीय नाव नसतं, तिथे निदान नेमकी जात शोधत असाल तर थांबू नये. दुसरा धडा थंडीचा. अमेरिकेच्या कृषी खात्याने देशाचे किमान तापमानानुसार 13 पट्टे पाडले आहेत; हा नकाशा अलीकडे 2023 मध्ये सुधारला गेला. आपला पिनकोड टाकला की पट्टा कळतो. कढीपत्ता नवव्या पट्ट्याच्या खाली बाहेर तगत नाही. न्यू जर्सी बहुतांशी सहा-सातमध्ये आणि शिकागोचा परिसर पाच-सहामध्ये येतो. तिथे तो कुंडीतच लावायचा, दिवाळीआधीच घरात घ्यायचा, दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवायचा आणि हिवाळाभर पाणी हात राखून घालायचं. पानं गळली म्हणून घाबरून रोज पाणी ओतणाऱ्यांचे कढीपत्ते थंडीपेक्षा पाण्यानेच जास्त मरतात. हे सगळं न विचारता सांगणारा माळी भेटला, तर ती नर्सरी धरून ठेवावी.

अशा नर्सऱ्या आहेत. कनेक्टिकट राज्यातल्या डॅनियलसन गावी 1892 पासून चालणारी ‘लॉगीज’ उष्ण प्रदेशातली झाडं वाढवण्यासाठी ओळखली जाते. तिच्या काचघरात 1900 साली लावलेलं पाँडेरोसा लिंबाचं झाड अजून थोराड फळं देतं. ब्रिटनमध्ये कुठलं रोप कुठल्या नर्सरीत मिळतं याची सूचीच ‘प्लांट फाइंडर’ नावाने 1987 पासून निघते. आता ती रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे आहे. अमेरिकेच्या बहुतेक जिल्ह्यांत विद्यापीठांच्या विस्तार केंद्रांशी जोडलेले ‘मास्टर गार्डनर’ स्वयंसेवक फुकट सल्ला देतात. ही चळवळ सत्तरच्या दशकात वॉशिंग्टन राज्यात सुरू झाली. आपल्याकडच्या कृषी विज्ञान केंद्राचं काम तिथे पुष्कळसं हीच मंडळी करतात. नवख्या घराला त्यांचा पत्ता शेजाऱ्याच्या आधी ठाऊक असावा.

पण माणूस इतक्या खटाटोपात का पडेल? गावाकडे परसात कढीपत्ता आहे, बुडाशी फुटवे आहेत, येताना एक ओल्या फडक्यात गुंडाळून बॅगेत सारला की झालं. इथेच ती कीड आडवी येते.

सायला हा तीन-चार मिलिमीटरचा, मळकट तपकिरी किडा. डोकं खाली आणि मागची बाजू वर अशा तिरप्या बैठकीवरून तो ओळखू येतो. लिंबूवर्गीय झाडांची आणि कढीपत्त्याची नवती ही त्याची अंडी घालायची जागा. रस शोषता शोषता तो ‘ग्रीनिंग’ रोगाचे जिवाणू एका झाडातून दुसऱ्यात नेतो. पानं ठिगळ लावल्यासारखी पिवळी पडतात, फळं लहान, वेडीवाकडी आणि कडवट राहतात, झाड काही वर्षांत जातं. औषध नाही. भारतात हा रोग सायला पसरवतो हे 1967 मध्ये कपूर, राव आणि विश्वनाथ या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. कढीपत्त्याला स्वतःला हा रोग होत नाही, पण रोग वाहणाऱ्याला तो आसरा देतो.

फ्लोरिडात सायला 1998 मध्ये आढळला, रोग 2005 मध्ये. 2003-04 च्या हंगामात तिथे संत्र्याच्या 24 कोटी पेट्या निघाल्या होत्या. 2022-23 मध्ये दोन कोटीही निघाल्या नाहीत. वादळांनीही हात धुऊन घेतले, पण कंबर मोडली ती ग्रीनिंगने. कॅलिफोर्नियात कीड 2008 मध्ये पोचली आणि पहिलं रोगट झाड 2012 मध्ये लॉस एंजेलिस परगण्यातल्या एका घराच्या परसात सापडलं. त्याआधी 2009 मध्ये भारतातून तिथे आलेल्या सामानातल्या कढीपत्त्याच्या पानांवर सायला पकडला गेला होता. पकडला शिकवलेल्या कुत्र्याने, वासावरून.

तेव्हापासून कढीपत्त्याच्या रोपांची तिथे कसून राखण होते. कीड असलेल्या भागातून ती बाहेर नेता येत नाहीत. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात प्रेमाने दिलेलं कुंडीतलं रोपही या नियमातून सुटत नाही. ब्रिटनमध्ये 14 डिसेंबर 2019 पासून रोपं, ताजी फळं आणि पाला आणायला वनस्पती-आरोग्याचा दाखला सक्तीचा झाला; तेव्हा सूट फक्त अननस, नारळ, फणसासारखं ड्युरियन, केळी आणि खजूर या पाच फळांना होती. हे गोऱ्यांचे नखरे म्हणून हसण्याचं कारण नाही. भारताचा स्वतःचा कीड-प्रतिबंधक कायदा 1914 चा आहे आणि वनस्पती आयातीचा सविस्तर आदेश 2003 चा.

दोनशे वर्षांपूर्वी असं काही नव्हतं. 1833 मध्ये लंडनच्या नथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरने काचेच्या बंद पेटीत रोपं घालून ती जहाजाने सिडनीला जिवंत पोचवली, आणि मग जगभर चहा, सिंकोना, रबर अशा पेट्यांतून हिंडले. पेटीत माती होती, मातीत किडे होते. अमेरिकेतून द्राक्षवेलींबरोबर गेलेल्या फायलोक्सेरा या किडीने एकोणिसाव्या शतकात फ्रान्सचे मळे उजाड केले, तेव्हा युरोपला जाग आली. आजचे दाखले, तपासण्या आणि विमानतळावरचे श्वान तिथून सुरू झालेल्या धास्तीचे वारस आहेत.

तेव्हा उन्हाळ्यात गावी येणाऱ्या लेकीसुनांना केदारखेड्याच्या मंडळींनी येसर, पापड, कुरडया, शेवया खुशाल बांधून द्याव्यात. फुटवा, काडी, कलम देऊ नये. परतल्यावर तिने आपल्या राज्यातल्या नोंदणीकृत नर्सरीत जावं आणि तीन गोष्टी विचाराव्यात: शास्त्रीय नाव काय, रोप कुठे वाढवलं, आणि ते माझ्या परगण्यात आणायला परवानगी आहे का. इकडे बापानेही पावसाळ्यात लागवडीला निघण्याआधी परवाना, खुंट आणि मातृवृक्ष विचारून, पावती खिशात घालूनच गाडी भरावी. उत्तर द्यायला जो बागवान कुरकुर करेल, त्याचं रोप कितीही टवटवीत दिसलं तरी त्याच्याच वाफ्यात राहू द्यावं.