चौलच्या वाडीत, बंदराच्या शोधात

उमरखेडहून एसटीनं नांदेड, तिथून रात्रीची मुंबईची रेल्वे, सकाळी गेटवेवरून मांडव्याची लाँच, पुढं अलिबाग. आमची पैनगंगा वर्धेला, प्राणहितेला, गोदावरीला मिळत पूर्वेच्या समुद्रात जाते. मला मात्र पश्चिम किनाऱ्यावरचं जुनं बंदर चौल पाहायचं होतं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक सागरप्रवासाच्या ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. दहाव्या शतकात बगदादचा प्रवासी अल-मसूदी इथं येऊन गेला.

नागाव सोडून गाडी चौलात शिरली, तरी बंदर दिसेना. दुतर्फा नारळ-सुपारीच्या वाड्या, त्यांत कौलारू घरं, रामेश्वराचं देऊळ आणि पुढ्यातली पुष्करणी. एका अंगणात सुपारी वाळत घातली होती. गाव सांगितल्यावर तिथले काका म्हणाले, "वऱ्हाडातले म्हणजे कापूसवाले तुम्ही! आमच्या चौलचं नाव कापडावरच होतं हो. विणकर पुढं मुंबईला गेले." पऱ्हाटीच्या रानात वाढलेल्या मला या दूरच्या किनाऱ्यावर एकदम ओळख पटल्यासारखं झालं.

चौलला लागूनच रेवदंडा. तिथला कोट पोर्तुगीजांचा. आत पडक्या चर्चच्या भिंती आणि उंच सातखणी बुरूज माडांच्या वर डोकं काढून उभा. इथल्याच पाण्यात १५०८ मध्ये इजिप्त आणि दीवच्या आरमारांशी लढताना पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द अल्मेडा मारला गेला. १५७०-७१ मध्ये अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहानं या ठाण्याला कित्येक महिने वेढा घातला, पण ते हाती आलं नाही. त्याच मुर्तजानं १५७४ मध्ये इमादशाही बुडवून आमचं वऱ्हाड घेतलं. म्हणजे कोटाबाहेरचं वरचं चौल आणि वऱ्हाड, दोन्ही काही वर्षं एकाच अहमदनगरच्या हुकमतीत होती. तटावर उभं राहून हे आठवलं, आणि शाळेत तारखांपुरता शिकलेला तो इतिहास मला फार जवळचा वाटला. मराठ्यांकडं हा कोट १७४० मध्ये आला.

साळावच्या पुलावरून कुंडलिकेची खाडी दिसते. पलीकडं कोर्लईचा डोंगर आणि त्यावरचा किल्ला. पायथ्याच्या गावातली ख्रिस्ती कुटुंबं आजही पोर्तुगीजमधून घडलेली बोली बोलतात. दोघी कोळणी आपसांत ती बोलत होत्या. गिऱ्हाईक आलं की लगेच मराठी.

रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात अफानासी निकितीनचं स्मारक आहे. बहमनी काळात हा रशियन व्यापारी विकायला एक घोडा घेऊन चौलला उतरला. त्याचा गोरा रंग बघायला लोक मागं मागं चालत, असं त्यानं लिहून ठेवलंय. बंदर पाहून तो थांबला नाही. घाट चढून जुन्नरला आणि तिथून बिदरला गेला. बिदर आमच्याच बाजूचं. नांदेड, देगलूर करत गेलं की येतं. पुढच्या वेळी अलिबागहून माघारी मुंबईला जायचं नाही, त्याच्याच वाटेनं जुन्नर-बिदर करत उमरखेड गाठायचं, हे मी तिथंच ठरवलं.